शिरावेधाचे पुनरागमन

शीर उघडून रक्त वाहू देणे, म्हणजे आयुर्वेदाच्या परिभाषेतील शिरावेध, हा उपचार पाश्चात्त्य वैद्यकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू सोडून दिला, आणि पुढच्या पिढ्या तो जुन्या वैद्यांच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगू लागल्या. प्रत्यक्षात तो कधीच पूर्णपणे गेला नाही. विसाव्या शतकात दोन-तीन नेमक्या आजारांसाठी त्याला पुन्हा जागा मिळाली, आणि अलीकडच्या दशकांत त्याला आणखी एक निमित्त लाभले, ते म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाहेरून घेणाऱ्यांचे दाट झालेले रक्त. वृषणांतून हे संप्रेरक पुरेसे स्रवत नसेल तर ते इंजेक्शनाने किंवा त्वचेवर चोळायच्या जेलने पुरवले जाते. त्यामुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होतात, आणि रक्ताच्या एकूण आकारमानात या पेशींनी व्यापलेला वाटा, ज्याला हिमॅटोक्रिट म्हणतात, काहींच्या बाबतीत काळजी करण्याइतका वाढतो. मग पिशवीभर रक्त काढले जाते, आणि त्याबरोबर शरीरातले लोहही जाते. या साध्या दिसणाऱ्या व्यवहारामागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत, एक नस्तराचा आणि दुसरा संप्रेरकाचा. त्यांची गाठ पडली ती फार उशिरा.

नस्तराचा इतिहास अर्थातच जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पर्गमम येथे जन्मलेला आणि रोममध्ये नावारूपाला आलेला वैद्य गॅलन हा शिरावेधाचा कट्टर पुरस्कर्ता होता. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचा तोल ढळला की आजार होतो, आणि वाढलेला द्रव बाहेर काढला की तोल सावरतो, असे हे शास्त्र सांगत असे. त्याला विरोध नव्हता असे नाही. गॅलनच्या आधी सुमारे साडेचारशे वर्षे होऊन गेलेला एरासिस्ट्रॅटस रक्त काढण्याच्या विरुद्ध होता, आणि त्याचे अनुयायी गॅलनच्या काळातही रोममध्ये व्यवसाय करीत होते. गॅलनने त्यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहून त्यांना निष्प्रभ केले. हा विजय वादातला होता, परीक्षेतला नव्हता. कोणाचे रोगी अधिक जगले हा प्रश्न दोन्ही पक्षांनी कधी मोजून पाहिला नाही, आणि पुढची सोळा-सतरा शतके तो मोजावा असे फारसे कोणाला वाटलेही नाही.

भारतात हीच क्रिया रक्तमोक्षण या नावाने सुश्रुतसंहितेत सविस्तर आली आहे. शिंग, दुध्या भोपळ्याची तुंबडी, जळू आणि प्रत्यक्ष शीर उघडणे असे तिचे प्रकार तेथे सांगितले असून, सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय जळवांनाच वाहिलेला आहे. त्यात सहा विषारी आणि सहा निर्विष अशा बारा जाती दिल्या आहेत, पण खरी मौज प्रत्यक्ष कृतीच्या वर्णनात आहे. मोहरी आणि हळद वाटून पाण्यात कालवायची, त्याने जळवेचे अंग माखायचे, तिला पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ सोडून मग दुखऱ्या जागी लावायचे, आणि ती चिकटत नसेल तर त्या जागी दुधाचा किंवा रक्ताचा थेंब सोडायचा. तिने तोंड घोड्याच्या खुरासारखे करून मान उंचावली की ती लागली असे समजायचे आणि वरून ओले फडके घालायचे. रोग्याला टोचू लागले, खाज सुटली, की दूषित रक्त संपून शुद्ध रक्त जाऊ लागले, असे मानून जळू काढायची. ती सोडत नसेल तर तिच्या तोंडावर सैंधव भुरभुरायचे. पुढे तिला ओकवून पुन्हा पाण्यात सोडेपर्यंतचे सगळे सांगितलेले आहे. या वर्णनात लक्ष वेधून घेते ती थांबण्याची खूण. कधी सुरू करायचे यापेक्षा कधी थांबायचे याची चिंता ग्रंथकाराला अधिक आहे. शिरावेधासाठी तर बलवान, प्रौढ आणि दोष वाढलेल्या माणसातूनही एका प्रस्थाहून अधिक रक्त काढू नये अशी मर्यादा आहे, आणि रक्तमोक्षणापुरता प्रस्थ साडेतेरा पलांचा धरावा अशी परंपरा असल्याने हे माप आजच्या हिशेबात अर्ध्या लिटरच्या आसपास येते. आजच्या रक्तपेढीतील मोठी पिशवी ४५० मिलिलिटरची असते. या जुळणीवरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. धडधाकट माणूस एका बैठकीत किती रक्त गमावूनही चालू-फिरू शकतो हे अनुभवाने कोणालाही कळण्यासारखे आहे. महाराष्ट्रात हा व्यवहार ग्रंथांपेक्षा तुंबडी लावणाऱ्या वैदूंच्या हातून चालत राहिला, आणि त्यात शीर उघडण्यापेक्षा फासण्या टाकून थोडे रक्त ओढण्यावरच भर असे.

युरोपने अशी मर्यादा पाळली नाही. १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने वरच्या दर्जाच्या धर्मगुरूंना कापण्या-डागण्याची कामे करण्यास मनाई केली, आणि ती कामे अधिकाधिक न्हाव्यांकडे गेली. इंग्लंडात न्हावी आणि शल्यक यांचा संयुक्त संघ १५४० साली स्थापन झाला तो १७४५ पर्यंत टिकला. विल्यम हार्वीने १६२८ साली रक्ताभिसरणाचा शोध प्रसिद्ध करून गॅलनची शरीरकल्पना मोडीत काढली, तरी रक्त काढण्यावरचा त्याचा स्वतःचा विश्वास ढळला नाही. सिद्धान्त पडला तरी उपचार उभाच राहतो, याचे एवढे ठळक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस तर रोगी मूर्च्छित होईपर्यंत रक्त काढणे हेच योग्य प्रमाण मानले जाऊ लागले. १४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या तीव्र आजाराने जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या शरीरातून काही तासांत सव्वादोन ते अडीच लिटर रक्त काढलेले होते, आणि उपस्थित तीन डॉक्टरांपैकी सर्वांत तरुण असलेल्या एलिशा डिक यांनी आणखी रक्त काढण्यास घेतलेली हरकत मानली गेली नव्हती. पॅरिसमध्ये ब्रूसे यांनी जवळजवळ प्रत्येक आजाराला जळवांचा उपाय सांगितला, आणि १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या.

काढलेले रक्त वाडग्यात धरून ठेवीत आणि थोड्या वेळाने डॉक्टर ते निरखीत. आजारी माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी लवकर तळाशी बसतात, त्यामुळे गोठलेल्या रक्तावर पांढुरक्या पिवळ्या सायीसारखा थर दिसतो. हा थर म्हणजेच शरीरातील दाह, असे मानून तो दिसत राहील तोवर रक्त काढीत राहण्याची शिफारस होत असे. स्वीडनच्या रॉबिन फोरेयस यांनी १९२१ साली पेशी खाली बसण्याच्या वेगाचा सखोल अभ्यास करून या थराचा उलगडा केला, आणि चार द्रवांची मूळ कल्पनाच कदाचित गोठलेल्या रक्ताच्या थरांकडे पाहून सुचली असावी, असेही सुचवले. म्हणजे वाडग्यात पेशी आणि रक्तद्रव यांचे प्रमाण शेकडो वर्षे डोळ्यांसमोर होते, पण ते वाचण्याची रीत हाती नव्हती.

रीत आली ती मोजणीतून. पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ जणांपैकी १८ दगावले होते, तर पाचव्या ते नवव्या दिवसांत रक्त काढलेल्या ३६ जणांपैकी ९. लवकर रक्त काढलेल्यांपैकी जे वाचले त्यांचा आजार थोडा आधी आटोपला होता, इतकाच काय तो लाभ. १८३५ साली ग्रंथरूपाने आलेल्या या आकड्यांनी शिरावेध एका दिवसात बंद पडला नाही, आणि लुई यांनी स्वतःही तो पूर्णपणे टाकून द्या असे म्हटले नाही. पण उपचाराचा न्याय वादपटुत्वाने नव्हे तर रोगी मोजून व्हावा, ही अपेक्षा तेव्हापासून वैद्यकात रुजली.

लोहाचा प्रश्न या सगळ्यात कोठेच नव्हता, आणि ही गोष्ट आज अधिक खटकते, कारण रक्तात लोह असते हे ठाऊक झालेले होते. १७४६ साली बोलोन्याच्या व्हिन्सेन्झो मेंगिनी यांनी रक्त जाळून उरलेल्या राखेतले कण चुंबकाला चिकटतात असे दाखवले आणि हे लोह रक्ताच्या तांबड्या भागात असते असेही सांगितले. १८३२ साली फ्रान्सच्या पिएर ब्लो यांनी निस्तेज, दमणाऱ्या तरुण मुलींसाठी लोहाच्या गोळ्या सुचवल्या आणि त्या पुढे जगभर खपल्या. ज्या दशकात एक डॉक्टर लोह भरीत होता त्याच दशकात दुसरा जळवा लावून ते काढीत होता, आणि दोघांनाही आपण एकाच खात्यावर जमा आणि खर्च मांडीत आहोत याची कल्पना नव्हती. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह असते सारे तीन ते चार ग्रॅम, त्यातले सुमारे दोन तृतीयांश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये. अन्नातून रोज शरीरात शोषले जाते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. साडेचारशे मिलिलिटर रक्ताबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते, म्हणजे एका पिशवीची भरपाई व्हायला काही महिने लागतात.

१८९० च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्लिक्स आणि हेडीन यांनी रक्ताची नळी वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवण्याचे उपकरण तयार केले, आणि १९२९ साली अमेरिकेत मॅक्सवेल विन्ट्रोब यांनी खुणा आखलेली साधी नळी देऊन हिमॅटोक्रिट मोजणे रोजच्या कामात आणले. दरम्यान १८९२ साली पॅरिसच्या आंरी वाकेझ यांनी तांबड्या पेशी बेसुमार वाढलेल्या एका रोग्याचे वर्णन केले, आणि १९०३ साली विल्यम ऑस्लर यांनी अशाच रोग्यांवर लेख लिहून या आजाराला वैद्यकात ओळख मिळवून दिली; आज त्याला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात, आणि त्यात अस्थिमज्जा कोणाच्या सांगण्यावाचून पेशी बनवीत सुटते. आपल्या पिढीने रक्त काढणे गरजेपेक्षा जास्तच कमी केले असे ऑस्लर यांचे मत होते, त्यामुळे या आजारात नस्तर पुन्हा हाती घेण्यात त्यांना संकोच वाटण्याचे कारण नव्हते. १९५० च्या सुमारास हिमोक्रोमॅटोसिस या आजारातही, ज्यात शरीर अन्नातून अतोनात लोह शोषून यकृत आणि हृदयात साठवते, आठवड्याला एक पिशवी रक्त काढण्याचा उपचार सुरू झाला. वीस ग्रॅम लोह साठलेल्या रोग्यासाठी अशा ऐंशी पिशव्या लागतात. येथे प्रथमच रक्त काढण्याचा हेतू लोह काढणे हा होता, आणि खाते उघडपणे मांडले जाऊ लागले.

संप्रेरकाचा इतिहास यापेक्षा बराच तरुण आहे. १८४९ साली ग्योटिंगेन येथे बर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषणे परत बसवून त्यांचा तुरा, आरव आणि भांडखोरपणा परत येतो असे दाखवले. १ जून १८८९ रोजी बहात्तर वर्षांचे शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेपुढे, कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून आपण कसे तरतरीत झालो, हे सांगितले. दंडातली ताकद त्यांनी यंत्राने मोजली होती, लघवीची धार किती लांब जाते हेही मोजले होते; रक्तपेशी मोजण्याची साधने तेव्हा उपलब्ध होती, पण दाव्याचे प्रमाण त्यांनी रक्तात शोधले नाही. शोधले असते तरी काही सापडले नसते, कारण हे संप्रेरक पाण्यात जेमतेम विरघळते, आणि २००२ साली ऑस्ट्रेलियात तोच अर्क पुन्हा बनवून पाहिला तेव्हा त्यात ते नगण्य निघाले. खरे संप्रेरक हाती आले ते १९३५ साली: ॲम्स्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून ते वेगळे काढून त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले, आणि त्याच वर्षी ब्यूटेनांट आणि रुझिच्का यांनी आपापल्या प्रयोगशाळांत ते कोलेस्टेरॉलपासून तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, मात्र नाझी सरकारच्या दबावामुळे ब्यूटेनांट यांना ते तेव्हा स्वीकारता आले नाही.

औषध मिळाल्यावर त्याचा रक्तावरील परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. पुरुषांचे हिमोग्लोबिन स्त्रियांपेक्षा अधिक असते आणि वृषणे काढलेल्या पुरुषांचे ते उतरते, हे माहीत होतेच; १९४२ साली मॅक्युला आणि जोन्स यांनी संप्रेरक दिल्यावर पुरुषांच्या रक्तपेशी वाढतात अशी नोंद प्रसिद्ध केली. पुढची गोष्ट स्त्रियांकडून आली. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर त्या काळी पुरुषी संप्रेरके मोठ्या प्रमाणात दिली जात, आणि १९५७ साली केनेडी आणि गिल्बर्टसेन यांनी या स्त्रियांमध्ये तांबड्या पेशींची निर्मिती वाढल्याचे दाखवले. दोनच वर्षांनी बॉस्टनच्या शाहिदी आणि डायमंड यांनी अस्थिमज्जा निकामी झालेल्या मुलांना टेस्टोस्टेरॉन देऊन त्यांतील काहींचे रक्त सावरल्याचे कळवले. पुढची तीस वर्षे हा परिणाम दोष नव्हता, गुण होता: अस्थिमज्जेच्या आजारांत आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या पांडुरोगात डॉक्टर ही संप्रेरके मुद्दाम देत. १९८९ साली एरिथ्रोपोएटिन, म्हणजे मूत्रपिंडातून निघणारा आणि अस्थिमज्जेला पेशी बनवायला लावणारा पदार्थ, अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाला, तेव्हा डायलिसिसच्या रुग्णांमध्ये संप्रेरकाचा हा उपयोग मागे पडला. ज्या परिणामासाठी औषध दिले जात होते, तोच परिणाम आता केवळ उपद्रव म्हणून उरला.

हा उपद्रव कसा होतो ते बरेच पुढे कळले. २००० आणि २००१ साली यकृतात बनणाऱ्या हेप्सिडिन या लहानशा प्रथिनाचा शोध लागला. ते वाढले की आतड्यातून लोह शोषले जाण्याची आणि साठ्यातून बाहेर पडण्याची वाट बंद होते, घटले की उघडते. २०१० पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिनला दाबते आणि एरिथ्रोपोएटिन वाढवते असे आढळले, म्हणजे कारखान्याला हुकूम आणि कच्चा माल दोन्ही एकाच वेळी मिळतात. वयस्कांमध्ये ही वाढ तरुणांपेक्षा अधिक दिसते, आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनाने ती जेलपेक्षा अधिक होते, कारण सुई टोचल्यानंतरच्या दिवसांत संप्रेरकाची पातळी फार वर जाते.

२००० साली पहिले प्रचलित जेल अमेरिकेत मंजूर झाले, वापर झपाट्याने वाढला, आणि मार्गदर्शक नियम आले. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या नियमांनुसार उपचारापूर्वी, मग तीन ते सहा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी हिमॅटोक्रिट तपासायचे. ते ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवायचे, झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का ते पाहायचे, आणि आकडा उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करायचे. नियमाचा भर औषध कमी करण्यावर आहे. तरीही व्यवहारात नस्तर पुढे येते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे: मात्रा कमी करणे रोग्याला नको असते, रक्त काढणे मात्र दोघांनाही काहीतरी केल्याचे समाधान देते. ५४ हा आकडा दिसायला जेवढा काटेकोर आहे तेवढा त्यामागचा पुरावा नाही. २०१३ साली इटलीतून आलेल्या चाचणीने हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवल्यास हृदयविकाराचे मृत्यू आणि गुठळ्या कमी होतात असे सिद्ध केले, पण ते पॉलिसायथेमिया व्हेराच्या रोग्यांत, ज्यांच्या पेशी आणि बिंबाणू मुळातच बिघडलेले असतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत दाट रक्त आणि गुठळ्या यांचा संबंध २०२२ च्या एका मोठ्या नोंद-अभ्यासात दिसला. रक्त काढल्याने तो धोका टळतो का, हे मात्र लुई यांच्या पद्धतीने अजून कोणी मोजून दाखवलेले नाही. या अर्थाने हा शिरावेध ऑस्लरपेक्षा ब्रूसे यांच्या अधिक जवळ आहे.

लोहाचे खातेही येथे पुन्हा नजरेआड होते. साठ्यातील लोह दाखवणारे फेरिटिन हे प्रथिन १९३७ साली घोड्याच्या प्लीहेतून वेगळे काढले गेले, पण रक्तद्रवातील त्याचा सूक्ष्म अंश मोजण्याची चाचणी १९७२ साली कार्डिफला विकसित झाली; तेव्हापासून साठा रिकामा होत चालल्याचे पांडुरोगाच्या आधीच कळू शकते. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये वारंवार रक्त काढून लोह मुद्दाम संपवले जाते, म्हणजे अस्थिमज्जेला कच्चा मालच उरत नाही. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत हाच परिणाम नकळत घडतो, आणि मग जो थकवा घालवण्यासाठी त्याने संप्रेरक सुरू केले तोच थकवा, निजताना पाय वळवळण्याच्या त्रासासह, लोहाच्या अभावामुळे परत येतो. त्यावर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की दबलेल्या हेप्सिडिनमुळे लोह सहज शोषले जाते, हिमॅटोक्रिट पुन्हा चढतो आणि पुढच्या पिशवीची वेळ येते.

ही पिशवी पुढे कोठे जाते हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील काही रक्तपेढ्या अशा पुरुषांचे रक्त स्वीकारतात. त्यातील तांबड्या पेशी रुग्णांना दिल्या जातात, पण संप्रेरक असलेला रक्तद्रव वापरला जात नाही. कॅनडात रक्तदान करणाऱ्या अशा पुरुषांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि वारंवार रक्त देऊनही अनेकांचे हिमोग्लोबिन उंचच राहिल्याचे त्यात आढळले. दात्याला आत घेताना बोट टोचून पाहिले जाते ते हिमोग्लोबिन, फेरिटिन नव्हे. आणि टेस्टोस्टेरॉन चालू असेपर्यंत साठा आटत आला तरी हा आकडा बराच काळ दान देण्याइतका उंच राहू शकतो.